‘तसले फोटो’ हा शब्द आधी टाकून द्या

नमस्कार ताई,

मला दोन मुलं. मुलगा सोळाचा, मुलगी तेराची. गेल्या आठवड्यात मुलाचा फोन चार्जिंगला लावलेला होता आणि त्यावर त्याच्या मित्रांच्या ग्रुपचे मेसेज धडाधड येत होते. सहज नजर गेली आणि हादरलोच. त्यांच्याच शाळेतल्या दुसऱ्या तुकडीतल्या एका मुलीचा तसला फोटो कोणीतरी टाकला होता. खाली हसरे चेहरे आणि घाणेरडे शेरे. माझ्या मुलाने काही लिहिलं नव्हतं. फोटो दोन दिवसांपूर्वीच आला होता, हे नंतर कळलं. विचारलं तर म्हणाला, ‘मी काय केलं? मी फक्त बघितला.’ माझा तोल गेला. एक ठेवून दिली आणि फोन काढून घेतला. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही.

आता मुलगीही फोन मागतेय. बायको म्हणते, ‘मुलीचं मी बघते, मुलाचं तुम्ही बघा.’ पण बोलायचं काय? असले फोटो काढायचे नाहीत, एकदा अब्रू गेली की परत येत नाही, असं मुलीला सांगितलं तर ती घाबरेल. नाही सांगितलं आणि उद्या काही झालं तर? आमच्या वडलांनी असल्या विषयावर कधी अवाक्षर काढलं नाही. माझ्याही तोंडातून शब्द फुटत नाही. मुलांना हे शिकवतात तरी कसं?

– दोन मुलांचा बाबा

•

नमस्कार. पत्राखाली तुम्ही नावाऐवजी ‘दोन मुलांचा बाबा’ लिहिलंय, तर मीही तुम्हाला बाबाच म्हणते.

बाबा, आधी मुलाचं बघू. आज त्याच्या खोलीत जा आणि हात उचलल्याबद्दल माफी मागा. पुढे ‘पण तूसुद्धा’ असं शेपूट जोडू नका. बापाने माफी मागितली म्हणून धाक कमी होईल, असं वाटत असेल तर होऊ द्या. या प्रकरणात धाकाचा उपयोग एकाच माणसाला होतो, आणि तो तुम्ही नव्हे. त्याच्याबद्दल पुढे सांगते. सध्या मुलगा एवढंच शिकलाय की बाबांना कळलं की मार बसतो आणि फोन जातो. पुढच्या वेळी तो फोन चार्जिंगला लावताना पालथा ठेवेल.

‘मी फक्त बघितला’ हे त्याचं वाक्य अर्धं खरं आहे. फोटो त्याने मागितला नव्हता. समोरून येऊन पडलेली गोष्ट कोणालाच चुकवता येत नाही. उरलेला अर्धा भाग असा, की दोन दिवस ते सगळं त्याच्यासमोर चालू होतं आणि तो गप्प होता. पण गप्प न राहता काय करायचं, हे त्याला कोणी शिकवलं होतं? पहिल्याच संध्याकाळी तो तुमच्याकडे येऊन म्हणाला असता, ‘बाबा, आमच्या ग्रुपवर एका मुलीचा नागडा फोटो आलाय,’ तर तुम्ही काय केलं असतंत? प्रामाणिकपणे आठवून बघा. मला वाटतं, तरीही फोन गेलाच असता. ‘कसल्या मुलांच्या ग्रुपमध्ये आहेस तू!’ असं ऐकायला मिळालं असतं ते वेगळंच. हे त्यालाही ठाऊक होतं.

तेव्हा असा फोटो आला तर काय करायचं, हे त्याला आता सांगा. पुढे पाठवायचा नाही, ‘बघ काय आलंय’ म्हणून जवळच्या मित्राला दाखवायचासुद्धा नाही. खाली हसरा चेहरा टाकायचा नाही, कारण टाकणारा त्यालाच टाळ्या समजतो. धीर असेल तर ग्रुपवर एक ओळ लिहायची : ‘हे काढून टाक, मला यात घेऊ नकोस.’ धीर नसेल तर गुपचूप बाहेर पडायचं, त्यातही लाज नाही. फोटो फोनमधून काढायचा. नुसता चॅटमधून काढून भागत नाही. पुष्कळ फोनमध्ये आलेला फोटो आपोआप गॅलरीत उतरतो, तिथून क्लाउडवर त्याची प्रत जाते, आणि डिलीट केलेला फोटोही ‘नुकतेच हटवलेले’ किंवा ‘ट्रॅश’मध्ये काही आठवडे पडून असतो. तिथूनही काढायचा. आपोआप डाउनलोड होण्याची सोय कायमची बंद करून टाकायची. आणि घरातल्या किंवा शाळेतल्या एखाद्या मोठ्या माणसाला सांगायचं.

इथे एक गोष्ट मोठी माणसंही चुकतात. पुरावा म्हणून त्या फोटोचा स्क्रीनशॉट काढून मुख्याध्यापकांना पाठवतात, तिथून तो आणखी चार शिक्षकांकडे जातो. तळमळ खरी असते, पण फोटो आणखी पाच फोनमध्ये पोचलेला असतो. ग्रुपचं नाव, टाकणाऱ्याचं नाव, तारीख आणि वेळ एवढं कागदावर लिहून घ्या. फोटोची प्रत करू नका, कोणाला पाठवू नका. पुढचं काम ज्यांचं आहे, त्यांना एवढी माहिती सुरुवातीला पुरते.

आता तुमच्या तोंडातून न फुटणाऱ्या शब्दाकडे येते. तुमच्या पत्रात एकदा ‘तसला’ आहे आणि दोनदा ‘असला’. चेष्टा करत नाही. आपण सगळे असेच वाढलो. ‘तसलं’, ‘नको ते’, ‘वाईट वळण’, ‘भानगड’. शरीराबद्दल बोलायची वेळ आली की आपली भाषा एकदम सर्वनामांत शिरते. इंग्रजीत सेक्स आणि टेक्स्टिंग हे दोन शब्द जोडून ‘सेक्स्टिंग’ तयार झाला. आपण तो तसाच उचलला, पण घरात उच्चारायला तोही जड जातो. नका उच्चारू. ‘कपडे न घातलेला किंवा अर्धवट कपड्यातला फोटो’ असं सरळ म्हणा. सेक्स्टिंगमध्ये व्हिडिओ येतात आणि नुसत्या लिहिलेल्या गोष्टीही येतात, तेही सांगा. न्हाणीघरात दोन-तीनदा मोठ्याने म्हणून बघा, खरंच. ज्या गोष्टीचं नाव बापाला घेता येत नाही, तिच्यात अडकल्यावर पोराला ती बापापाशी कशी बोलता येणार? ‘बाबा, तसलं काहीतरी झालंय’ म्हणणार का ते?

आणि ‘अब्रू’ हा शब्द या संभाषणातून कायमचा काढून टाका. का, ते माझ्या अनुभवातून सांगते. त्यात माझीच चूक आहे.

शाळेत समुपदेशक म्हणून काम सुरू केलं, तेव्हा पहिल्या वर्षी मी या विषयावर एक भाषण बसवलं होतं. नववी-दहावीच्या मुलींना एकत्र बसवायचे (मुलांना मैदानावर सोडलेलं असायचं, तेव्हा मला यात काही वावगं वाटलं नव्हतं) आणि एकापाठोपाठ एक भयंकर हकिगती सांगायचे. शेवटचं वाक्य पाठ होतं : ‘एकदा फोटो गेला की सगळं संपलं.’ वर्गात चिडीचूप शांतता पसरायची. शिक्षक म्हणायचे, मॅडम, काय परिणाम झाला! मलाही तसंच वाटायचं. मग एका भाषणानंतर दोनेक महिन्यांनी एक मुलगी माझ्याकडे आली. तिने पाठवलेला फोटो एका मुलाने मित्रांना दाखवला होता आणि तेव्हापासून तो मुलगा आणखी फोटो मागत होता. मी विचारलं, कधीपासून? म्हणाली, ‘तुमच्या भाषणाच्या आधी चार दिवस. त्या दिवशी तुम्हाला सांगायचंच ठरवलं होतं. पण तुम्ही म्हणालात, सगळं संपलं.’

ती तिसऱ्या बाकावर बसली होती. मी तिच्याकडे बघून बोलले असेन, नसेन. दोन महिने ती त्याचं ऐकत राहिली, कारण सुटकेची वाट नाही असं तिला एका जाणत्या बाईने भर वर्गात सांगितलं होतं.

अब्रू काचेचं भांडं असते, तडा गेला की सांधत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. धमकावणारा वेगळं काय म्हणतो? ‘हे बाहेर आलं तर तुझं काय होईल बघ.’ दोघांचं वाक्य एकच आहे. फोटोत स्वतःची अशी ताकद फार थोडी असते. उघड झालं तर आपलं माणूस आपल्याला टाकेल, या भीतीवर धमकावणाऱ्याचा सगळा धंदा चालतो. धाकाचा उपयोग ज्याला होतो, तो माणूस हा. घरात आपण जेवढी अब्रूची भाषा बोलतो, तेवढं भांडवल त्याला फुकटात पुरवतो.

याचा अर्थ धोके सांगायचेच नाहीत असा नाही. सांगा, पण घडतं तसं सांगा. फोटो आपल्या फोनमधून गेला की त्याच्यावर आपला ताबा राहत नाही. ‘एकदाच दिसेल’ असा पर्याय देणारी ॲप्स आहेत, दहा सेकंदांत पुसले जाणारे मेसेज आहेत, स्क्रीनशॉट काढला की कळवणारीही आहेत. पण समोरच्याने दुसरा फोन हातात घेऊन पडद्याचा फोटो काढला तर यातल्या एकाही ॲपला पत्ता लागत नाही. चेहरा नसला तरी पाठीमागचा पडदा, गळ्यातली साखळी, तीळ यांवरून माणूस ओळखू येतो. आज ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्याशी उद्या भांडण होऊ शकतं. भांडण न होताही त्याचा फोन भावाच्या हातात पडू शकतो, हरवू शकतो, त्याचं खातं कोणी फोडू शकतं. इतकंच. यात ‘आयुष्य बरबाद’ कुठे येत नाही, आणि तेरा वर्षांच्या मुलीला हे पूर्ण समजतं.

मुलं हे करतात तरी का, असा प्रश्न तुमच्या मनात असणारच. मोठी माणसं ज्या कारणांसाठी करतात त्याच : प्रेम, कुतूहल, गंमत, आपण कोणाला तरी आवडतो याची नशा. त्यात या वयात मेंदूचा सुखाकडे धावणारा भाग जोरात असतो आणि लगाम घालणारा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडतच असतो. पण माझ्याकडे आलेल्या मुलांपैकी पुष्कळांनी ‘हौस’ हे कारण दिलंच नाही. ‘तो सारखा मागत होता’, ‘नाही म्हटलं तर रुसायचा’, ‘सगळेच पाठवतात म्हणाली.’

‘सगळेच पाठवतात’ हे मात्र खोटं आहे, आणि हे मुलांना आवर्जून सांगा. २०१८ साली ‘जामा पेडिॲट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाच्या शेरी मॅडिगन आणि सहकाऱ्यांनी ३९ अभ्यासांचा एकत्र धांडोळा घेतला होता. त्यात १८ वर्षांखालची १ लाख १० हजार ३८० मुलं होती. स्वतः असं काही पाठवलेली १४.८ टक्के निघाली, म्हणजे साधारण सातात एक. उरलेली सहा पाठवत नाहीत, फक्त ती तसं सांगत फिरत नाहीत. आलेलं बघितलेली मात्र २७.४ टक्के. आणि दुसऱ्याचं त्याच्या संमतीशिवाय पुढे ढकलल्याचं १२ टक्के मुलांनी कबूल केलं, म्हणजे आठात एक. पाठवण्यात मुलगे आणि मुली यांच्यात लक्षणीय फरक दिसला नाही.

हे आकडे मी तुमच्या बायकोच्या वाटणीसाठी दिलेत. ‘मुलीचं मी बघते, मुलाचं तुम्ही बघा’ यात एक समज दडलाय : मुलीला सांभाळायचं आणि मुलाला आवरायचं. पाठवू नकोस हे फक्त मुलीला सांगितलं, तर मुलाला कळतं की हा आपला विषय नाही. मग तो मागतो, दाखवतो, पुढे पाठवतो, किंवा तुमच्या मुलासारखा दोन दिवस बघत बसतो. दोघांना दोन्ही सांगा. मुलीलाही ‘मैत्रिणीचा फोटो आला तर पुढे ढकलू नकोस’ सांगायला हवं, मुलालाही ‘तुझ्याकडे कोणी मागितला तर नाही म्हणता येतं’ हे सांगायला हवं. आणि मुलाला आणखी एक, जे घराघरांत सांगायचं राहून जातं : एकदा नाही म्हटल्यावर परत मागणं, रुसणं, ‘विश्वास नाही का माझ्यावर?’ म्हणणं ही जबरदस्ती आहे. आवाज हळू असला तरी.

नाही कसं म्हणायचं, त्याची वाक्यंही द्या. वेळ आली की शब्द सुचत नाहीत, मोठ्यांनाही नाही. ‘नाही पाठवणार, परत विचारू नकोस.’ हे जमलं तर उत्तम. प्रेमात पडलेल्याला इतकं रोखठोक जमत नाही, त्याला ‘माझे बाबा कधीही फोन बघतात’ हे वाक्य देऊन ठेवा. म्हणजे वाईटपणा तुमच्याकडे. बापाचं नाव असं वापरायची परवानगी असणं ही मुलांना फार मोठी सोय वाटते. (खरंच फोन बघत बसू नका. चोरून तर नकोच. तेराव्या वर्षी फोन देताना काही नियम ठरवा, रात्री फोन खोलीबाहेर ठेवण्यासारखे, आणि ते तिच्यादेखत ठरवा.)

आता मुलांवर येणारं एक वेगळं संकट, जे बापांना ठाऊक असायलाच हवं. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने जाहीर इशारा दिला : वर्षभरात अल्पवयीन मुलांना अशा फोटोंवरून धमकावल्याच्या ७,००० हून अधिक तक्रारी आल्या, किमान ३,००० मुलं त्यात सापडली, त्यांत बहुतांश मुलगे, आणि डझनाहून अधिक मुलांनी जीव दिला. याला ‘सेक्स्टॉर्शन’ म्हणतात. पद्धत ठरलेली. एक सुंदर मुलगी ओळख काढते. गप्पा चटकन दुसऱ्या ॲपवर नेते. आधी स्वतःचा म्हणून एक फोटो पाठवते आणि तुझा पाठव म्हणते. पाठवला की काही मिनिटांत सूर बदलतो : मुलाच्या मित्रांची, नातेवाइकांची यादी समोर येते आणि ‘पैसे टाक, नाहीतर सगळ्यांना पाठवतो’. पलीकडे मुलगी नसतेच, बऱ्याचदा पैशासाठी हेच काम करणारी टोळी असते. हे सगळं मध्यरात्री, पोर एकटं असताना, एका तासात उरकतं. सोळा वर्षांच्या मुलाला त्या तासात पुढचं आयुष्य दिसत नाही.

त्या तासात काय करायचं हे त्याला आज माहीत हवं. पैसे द्यायचे नाहीत. दिले की आकडा वाढतो. आणखी फोटो पाठवायचा नाही. विनवण्या करायच्या नाहीत, उत्तर देणं थांबवायचं. घाबरून खातं किंवा चॅट पुसून टाकायचं नाही, कारण धमकीचे मेसेज, समोरच्याचं खातं, पैसे कुठे टाकायला सांगितले हे सगळं तक्रारीत कामाला येतं. ॲपकडे तक्रार करायची, मग ब्लॉक करायचं. आणि तुम्हाला उठवायचं. रात्रीचे तीन वाजले असले तरी. तुम्ही त्याला आधीच हे सांगून ठेवलेलं असलं पाहिजे : ‘तू कितीही मूर्खपणा केलेला असलास तरी उठव. त्या रात्री मी एकही प्रश्न विचारणार नाही.’ आणि खरोखर विचारू नका. त्या रात्री त्याला एकटं झोपायला सोडू नका. दुसऱ्या दिवशी पोलिसांचा सायबर विभाग किंवा मुलांसाठीची मदतवाहिनी गाठा.

फोटो बाहेर गेलाच, तर तो थांबवायचे उपाय आहेत, ही गोष्ट माझ्या त्या जुन्या भाषणात नव्हती. त्या काळी सांगण्यासारखं फारसं नव्हतंही. आज अमेरिकेतली हरवलेल्या व शोषित मुलांसाठी काम करणारी राष्ट्रीय संस्था ‘टेक इट डाउन’ नावाची सेवा चालवते, २०२३ पासून ती सगळ्यांसाठी खुली आहे. १८ वर्षांखाली असताना काढलेला फोटो असेल तर ती वापरता येते, दुसऱ्या देशातूनही, नाव न देता आणि पैसे न देता. फोटो कोणाला पाठवावा लागत नाही. तुमच्याच फोनवर त्या फोटोपासून आकड्या-अक्षरांचा एक ठसा तयार होतो, बोटाच्या ठशासारखा. फक्त तो ठसा पुढे जातो आणि सहभागी कंपन्या आपल्याकडे त्याच ठशाचा फोटो सापडला तर काढतात. मोठ्या माणसांसाठी अशीच ‘स्टॉपएनसीआयआय’ ही सेवा २०२१ पासून आहे. मर्यादा आहेत. सहभागी नसलेल्या संकेतस्थळांवर याचा उपयोग नाही, आणि कुलूपबंद खासगी चॅटमध्ये हा ठसा शोधता येत नाही, म्हणजे तुमच्या मुलाच्या ग्रुपसारख्या ठिकाणी फोटो काढायला माणसांनाच सांगावं लागतं. तरी ‘काहीच करता येत नाही’ आणि ‘बरंच काही करता येतं’ यांत मुलाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे.

कायद्याबद्दल थोडक्यात. बऱ्याच देशांत १८ वर्षांखालच्या व्यक्तीचा लैंगिक स्वरूपाचा फोटो जवळ ठेवणं आणि पसरवणं हा गंभीर गुन्हा आहे, पसरवणारा स्वतः अल्पवयीन असला तरी. काही ठिकाणी तर स्वतःचा फोटो काढणारं मूलच कायद्याच्या कात्रीत सापडतं. याला उत्तर म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २०२१ मध्ये स्पष्ट म्हटलं, की मुलांनी आपल्या संमतीने आणि फक्त आपापल्यात ठेवलेल्या अशा गोष्टींसाठी त्यांना गुन्हेगार ठरवू नये. पण समितीचं म्हणणं म्हणजे प्रत्येक देशाचा कायदा नव्हे. मुलाला एवढं सांगा की ‘फॉरवर्ड’ला बोट लावणं हा चाळा नाही, त्यासाठी पोलीस घरी येऊ शकतात. सांगा, पण काठीसारखं उगारू नका.

आणि समजा, तुमच्या मुलीने यातलं सगळं ऐकलं, जन्मात एकही फोटो पाठवला नाही, तर ती सुटली? सप्टेंबर २०२३ मध्ये स्पेनच्या नैर्ऋत्येकडच्या अल्मेंद्रालेखो या गावात वीसहून अधिक शाळकरी मुलींचे नग्न फोटो मोबाइलवर फिरू लागले. एकीनेही तसा फोटो काढलेला नव्हता. सोशल मीडियावरच्या त्यांच्या साध्या, कपड्यांतल्या फोटोंवरून एका एआय ॲपने ते बनवले होते, आणि बनवणारी-पसरवणारी मुलं त्यांच्याच ओळखीतली. पुढच्या वर्षी न्यायालयाने १५ अल्पवयीन मुलांना एक वर्षाच्या देखरेखीची शिक्षा दिली. या गावातली एक आई डॉक्टर होती. तिने लपवाछपवी न करता व्हिडिओ करून सगळ्यांना सांगितलं, आणि बाकीच्या मुलींना म्हणाली की घाबरू नका, आईला सांगा. त्यानंतर एकेक घर बोलू लागलं. तुमची मुलगी ज्या जगात फोन हातात घेणार आहे ते हे आहे. इथे ‘तू कशाला काढलास?’ हा प्रश्नच लागू पडत नाही. ‘तू कशाला पसरवलास?’ हा पडतो.

मुलीशी बोलायला मुहूर्त शोधू नका. समोरासमोर बसवून ‘तुझ्याशी महत्त्वाचं बोलायचंय’ म्हणालात की ती मनाने खोलीबाहेर गेलीच. दोघं कुठे चालत जाताना, भांडी पुसताना, नजर एकमेकांकडे नसताना बोला. पाच मिनिटं पुरेत, मग दोन आठवड्यांनी पुन्हा पाच. सुरुवात प्रश्नाने करा : ‘तुमच्या वर्गात कोणी कोणाकडे नको ते फोटो मागतं का गं?’ बघा, मीही ‘नको ते’ म्हणाले. ‘कपड्यांशिवायचे फोटो मागतं का गं?’ असं विचारा. ती ‘शी बाबा!’ म्हणून पळेल. पळू द्या, दार उघडलं गेलंय. तिला फोन देताना त्यातल्या सोयीही दोघांनी मिळून बघा. उदाहरणार्थ, इन्स्टाग्राम २०२४ पासून खासगी मेसेजमधला नग्न फोटो आपोआप धूसर करतं आणि १८ खालच्यांसाठी ते आधीपासूनच चालू असतं. याने सगळं थांबत नाही, पण पाठवण्याआधी एक क्षण मिळतो.

आता एक तक्रार, तुमच्याबद्दलच. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात मुलगा आहे, मुलगी आहे, बायको आहे, तुमचे वडीलसुद्धा आहेत. ‘दुसऱ्या तुकडीतली एक मुलगी’ मात्र एका वाक्यात येते आणि नाहीशी होते. तो फोटो अजून त्या ग्रुपवर आहे का? तिच्या घरी माहीत आहे का? ती शाळेत येतेय का? तुम्हाला ठाऊक नाही, आणि कदाचित या क्षणी हे ठाऊक असलेला तुमच्या ओळखीतला एकमेव माणूस शेजारच्या खोलीत अबोला धरून बसलाय.

माफी मागून झाल्यावर त्याला तिच्याबद्दल विचारा. फोटो कोणी टाकला हे विचारण्याआधी ‘ती कशी आहे?’ हे विचारा. मग तो फोन त्याच्या हातात परत द्या, दोघं मिळून त्यातला फोटो काढून टाका आणि ग्रुपवर काय लिहायचं ते त्याला ठरवू द्या. उद्या सकाळी शाळेत ज्या शिक्षिकेवर मुलींचा विश्वास आहे अशा एकीला तुम्ही दोघं जाऊन भेटा. फोटो दाखवू नका. ग्रुपचं नाव, टाकणाऱ्याचं नाव, तारीख, वेळ असलेला कागद द्या. तिच्या आईवडलांना शाळेने कळवायचं ठरवलं तर शिक्षिकेला एक विनंती करा : आधी त्या मुलीशी बोला, कोणाला काय आणि कसं सांगायचं हे तिला विचारा. आणि कळवताना तिच्या घरच्यांना पहिलं वाक्य हे सांगा, की तुमच्या मुलीने काही गुन्हा केलेला नाही, तिचा फोटो दुसऱ्यांनी पसरवलाय.